माणसं शोधणारी चक्री

मित्रांनो, जानेवारीचा वारा सुटला की माझ्या सगळ्या अंगात शिरशिरी येते. आज तो पहाटेपासूनच सुटला आहे. महाल नावाच्या आमच्या वस्तीतल्या गच्च्यांवर माणसं चढू लागली आहेत, कुणीतरी भोंगा लावला आहे, आणि मी खुंटीवर टांगलेली असूनही जागच्या जागी गरगरायला बघते आहे. मी चक्री आहे. पतंगीचा मांजा जिच्यावर गुंडाळतात ती लाकडी चक्री. माझे दांडे हाताळून हाताळून तेलकट झाले आहेत, एक चाक चिरलं आहे आणि पोटावर एक खोल खाच आहे. रस्त्यात पडलेली दिसले असते तर तुम्ही मला उचललंही नसतं. पण माझ्या आयुष्यात जादू आहे, खून आहे, सूड आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर फुललेलं एक प्रेमही आहे. तेव्हा जरा बसा माझ्याजवळ.

एक गोष्ट आधीच सांगते. पुस्तकात पतंग 'तो' असतो. आमच्या नागपुरात पतंग 'ती' असते. मी नागपूरची, म्हणून मीही तिला तीच म्हणणार.

माझं लाकूड रामटेकचं. गडाच्या पायथ्याशी एक शिवणीचं झाड होतं. आजूबाजूच्या गावांतून कटलेल्या पतंगी वाऱ्याबरोबर यायच्या आणि नेमक्या त्याच झाडात अडकायच्या. कागद पावसात विरघळून जायचा, धागे मात्र फांद्यांना तसेच राहायचे. कटलेल्या पतंगीला एकच ध्यास असतो, मित्रांनो. ज्याच्या हातातून सुटले त्याच्याकडे परत जायचं. कित्येक वर्षांचा तो ध्यास हळूहळू झाडाच्या अंगात मुरला. पुढे एका वादळात झाड पडलं आणि त्याचा बुंधा रुपरावजींनी विकत घेतला.

रुपरावजी म्हणजे जुनी शुक्रवारीतले खरादी, लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारे कारागीर. त्यांनी मला खरादावर चढवलं, घासलं, गुळगुळीत केलं. दोन्ही चाकं बसवून त्यांनी मला बोटांवर फिरवलं तेव्हा मी गुणगुणले. ते दचकले. त्याच वेळी दुकानात गिरिधर आले. एका कचेरीत कारकून असलेला हा हसरा माणूस पतंगीसाठी वेडा होता. त्यांच्या बोटाला धरून त्यांची लहानगी मुलगी भैरवी उभी होती.

"गिरिधरभाऊ, हे लाकूड काही येगळंच हाय," रुपरावजी म्हणाले. "फिरवलं का बोलते. मले तं समजून नाही राहिलं."

"बोलते तं बोलू द्या," गिरिधर हसले. "आमच्या घरी सगळेच बोलतात. एक आणखी."

अशी मी महालातल्या त्यांच्या घरी आले. गिरिधर आपल्या पतंगी स्वतःच्या हातांनी बनवायचे. काळा कागद आणि मधोमध पांढराशुभ्र चांद. आख्ख्या महालात तशी पतंग दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यांचा जिवलग मित्र सुमंत गल्लीपलीकडच्या समोरच्याच घरात राहायचा. शहराबाहेर वाडी गावाला त्याचं मालाचं गोदाम होतं. संक्रांतीला गिरिधर पेच लढवायचे, सुमंत मला धरायचा आणि भैरवी ओरडायची, "ओ काट!"

माझ्यातली जादू उघडकीला आली ती मात्र मारबतीच्या दिवशी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे त्या दोन प्रचंड पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारीत मुंगीलाही शिरायला जागा नसते. त्या गर्दीत भैरवीचा हात सुटला. गिरिधर आणि सुमंत गल्ल्यागल्ल्यांतून धावले. भैरवीची आई ताराबाई दारात बसून रडत होत्या. शेवटी गिरिधर गच्चीवर आले. पोरीला आपली काळी पतंग ओळखू येते, आकाशात दिसली तर घर कुठं आहे ते तिला कळेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला काढलं आणि पतंग वर सोडली. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "भैरवी... भैरवी..."

मित्रांनो, ते नाव माझ्या लाकडात शिरलं, आणि काय झालं सांगू! माझ्या पोटात जणू कुणीतरी जागं झालं. मी सुसाट फिरू लागले. पतंग वाऱ्याच्या विरुद्ध निघाली!

"अबे गिरिधर," सुमंत डोळे फाडून म्हणाला, "वारा तं इकडून आहे! पतंग उलटी काहून जाऊन राहिली?"

पतंग इतवारीच्या एका कोपऱ्यावर जाऊन खिळा ठोकल्यासारखी थांबली. ताराबाईंच्या हाती दोर देऊन दोघं धावले. त्या पतंगीच्या बरोबर खाली, एका धान्याच्या दुकानात पोत्यावर बसून भैरवी फुटाणे खात होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमची पतंग पाहून राहिली होती!"

त्या दिवसापासून हे गुपित त्या घराला आणि सुमंतला ठाऊक झालं. ज्याचं नाव सांगावं त्याच्या डोक्यावर माझी पतंग जाऊन उभी राहायची. गिरिधरांनी त्याचा कधी तमाशा केला नाही. हरवलेल्यांसाठीच ते मला काढायचे. घरचा रस्ता विसरलेले शेजारचे म्हातारे दत्तोपंत मी शोधले, आणि एकदा तर कुणाची तरी बकरीही शोधली. लोक म्हणायचे, गिरिधरचा वारा हुकमी आहे. मला इतका अभिमान वाटायचा!

भैरवी मोठी झाली आणि मेट्रो चालवू लागली. शहरावरून गाडी नेताना तिला खाली सगळ्या गच्च्या दिसायच्या. घरी आल्यावर ती सांगायची, "बाबा, आज धंतोलीत कोणीतरी लय भारी पेच लढवून राहिलं होतं." संक्रांतीला आता पेच ती लढवायची आणि मला गिरिधर धरायचे.

अशाच एका संक्रांतीला तिनं समोरच्या गच्चीवरची एक निळी पतंग सपकन कापली. ती पतंग भिरभिरत आमच्याच गच्चीवर पडली. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि एक उंच तरुण वर आला. त्याच्या हातांची बोटं निळीजांभळी होती. तो सुमंतचा पुतण्या विक्रम. चंद्रपूरहून आला होता आणि बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रंगाईच्या खात्यात लागला होता. राहायला काकाकडेच होता.

"माझी पतंग आली का इकडं?"

"आली," भैरवी म्हणाली. "पण आता ती माझी आहे. कटली का मालकी गेली."

"मंग मालकिणीले विचारतो. विकता का?"

"नाही."

"भाड्यानं?"

गिरिधर इतके हसले की मी त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिले. "ये रे पोरा, तिळगूळ खा. पतंग तं काही ही तुले देत नाही."

पतंग तिनं दिली नाही, पण पुढच्या रविवारी विक्रम पुन्हा आला. मग येतच राहिला. तिच्यासाठी तो सुती धागा रंगवून आणायचा, कधी जांभळा, कधी हळदीसारखा पिवळा. त्याच्या बोटांवर जो रंग असायचा तोच माझ्या पोटावर. त्याच्या लाल स्कूटरच्या मागे भैरवीनं स्वतः ब्रशनं काळी पतंग आणि पांढरा चांद रंगवला. संध्याकाळी दोघं कठड्याला टेकून बसायचे. त्यांचं बोलणं मी सगळं ऐकलं आहे, पण सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या हिवाळ्यात माझ्यासारखी सुखी चक्री नागपुरात दुसरी नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी डिसेंबरात गिरिधर वाडीला गेले आणि परत आलेच नाहीत.

सुमंतच्या गोदामाच्या बाहेर लोखंडी जिना होता. त्याच्या पायथ्याशी ते पडलेले सापडले. सुमंतनंच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. "वरून पाय घसरला, वहिनी, माह्या डोळ्यांदेखत," असं म्हणून तो ताराबाईंसमोर ढसाढसा रडला. सगळ्यांना ते पटलं. भैरवीनं मात्र वडिलांचा हात हातात घेतला आणि ती थबकली. त्यांच्या बोटांवर बारीक, खोल चिरा होत्या. तशा चिरा फक्त नायलॉन मांज्याच्या असतात.

मित्रांनो, तो धागा तुम्हाला माहीत असेल. त्याच्यावर बंदी आहे. तो तुटत नाही, कुजत नाही, पाखरांचे पंख कापतो आणि स्कूटरवरून जाणाऱ्यांचे गळेही. गिरिधरांना तो रस्त्यात दिसला तर ते थांबून जाळून टाकायचे. जन्मात त्यांनी त्यानं पतंग उडवली नव्हती. मग या चिरा आल्या कुठून?

तेरवीच्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर सुमंत हात जोडून म्हणाला, "वहिनी, गिरिधरची एक आठवण मले द्या. ती चक्री. बाकी मले काही नको."

ताराबाईंनी मला खुंटीवरून काढलंसुद्धा. सुमंतनं मला घाईघाईनं पिशवीत घालायला घेतलं. मला वाटलं, मित्राच्या मायेनं. तेवढ्यात भैरवीनं मला ओढून घेतलं.

"काका, काही पण न्या. ही नाही."

दुसऱ्याच दिवशी भैरवी वाडीला गेली. गोदामासमोर चहाची टपरी आहे. त्या टपरीवाल्याला तिनं विचारलं, त्या दुपारी इथं कोण आलं होतं? तो म्हणाला, तोंड काही दिसलं नाही, हेल्मेट होतं. पण एक लाल स्कूटर गोदामापाशी उभी होती. मागे काळ्या पतंगीचं चित्र होतं, त्यात चांद. नंतर ती भरधाव निघून गेली.

घरी आल्यावर ती गच्चीवर माझ्याशेजारी बसून राहिली. विक्रमनं तिला सांगितलं होतं की त्या दिवशी तो कारखान्यात होता. विक्रमचे फोन येत होते. ती उचलत नव्हती. तो दारात आला तर ताराबाई सांगायच्या, तिचं डोकं दुखते, झोपली आहे.

शेवटी एका दुपारी तिनं मला हातात घेतलं. वडिलांनी बनवलेली शेवटची काळी पतंग भिंतीला टेकून उभी होती. ती तिनं बांधली आणि माझ्या अगदी जवळ तोंड आणून म्हणाली, "नाव मले माहीत नाही. ज्यानं माझ्या बाबाले मारलं, त्याच्याकडे जा."

नाव नसलेल्या माणसाला मी कधी शोधलं नव्हतं. पण तिचा श्वास इतका गरम होता, की माझ्या लाकडात झाडाचं ते सगळं जुनं वेड एकदम उसळलं. पतंग वर गेली, एकदा गल्लीवर फिरली, आणि समोरच्या घरावर थांबली. त्या गच्चीवर एकटा विक्रम रंगवलेला धागा वाळत घालत होता. त्यानं वर पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि आनंदानं हात हलवला. पतंग त्याच्या बरोबर डोक्यावर होती.

भैरवीनं धागा गोळा केला, खाली बसली आणि मला पोटाशी धरलं. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की मीही तिच्याबरोबर हलत होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं कुठून तरी नायलॉन मांजा आणला. माझ्यावरचा सगळा सुती धागा उतरवला आणि तो हिरवट, चकचकीत धागा ती माझ्यावर गुंडाळू लागली. प्रत्येक वेढा मला चावत होता. पोटावरची ही खाच त्याच दिवसाची आहे. तिचा बेत मला कळला, आणि तो कळला म्हणून मी हादरले. माझी पतंग सांगितलेल्या माणसाकडे अचूक जाते. मागोमाग हा धागा गेला, तर तो गळ्याला लागायला किती वेळ? आणि संक्रांतीच्या दिवशी, हजार पतंगींच्या आभाळाखाली, कुणाला संशय येणार होता? मला ओरडावंसं वाटलं. पण चक्रीला तोंड नसतं, मित्रांनो. जो फिरवील तशी ती फिरते.

संक्रांतीची दुपार! आभाळ रंगीबेरंगी, गच्चीगच्चीवर गाणी, चहूकडून "ओ काट, ओ काट!" भैरवीनं मला दोन विटांच्या मधे ठेवलं आणि काळी पतंग सोडली. तिनं तेच शब्द पुन्हा उच्चारले. समोर विक्रम उभा होता. इतक्या दिवसांनी ती गच्चीवर दिसली म्हणून त्याचा चेहरा फुलला होता.

"आली का वं शेवटी!" तो ओरडला. "चाल, लढव पेच!"

पतंग खाली झेपावली. मी सुसाट फिरत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, थांब, थांब! विक्रमच्या खांद्यापाशी ती आली... आणि त्याच्या कानाजवळून सर्रकन पुढे निघून गेली!

भैरवी चकित होऊन पाहत राहिली. पतंग जिन्याच्या दाराकडे वळली होती. त्या दारातून हातात तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन सुमंत बाहेर येत होता. त्या दुपारीही तो तिथंच असणार, विक्रमच्या पायांखालच्या खोलीत, आणि पतंग थांबली होती ती त्याच्यावर. सुमंतनं मान वर केली. समोर काळी पतंग, पांढरा चांद. ताट खणखणत पडलं. पतंगीनं त्याच्याभोवती एक गिरकी घेतली आणि हिरवट धाग्याचा वेढा त्याच्या गळ्याभोवती बसला.

"गिरिधर!" सुमंत किंचाळला. "सोड मले, गिरिधर!"

भैरवीला सगळं उमगलं. मारबतीच्या दिवशी खांद्यावर बसवून तिला घरी आणणारा हाच काका. तिनं धागा मुठीत धरला. एक हिसका, बस, एक हिसका पुरे होता. तेवढ्यात विक्रम झेपावला. काय चाललं आहे त्याला काहीच कळलं नव्हतं, पण त्यानं आपला हात धागा आणि काकाचा गळा यांच्या मधे घातला. त्याच्या निळ्या बोटांतून लाल रक्त टपकू लागलं.

"भैरवी, ढील दे!"

"हात काढ, विक्रम!"

"ढील दे म्हणतो ना!"

"त्यानं माझ्या बाबाले मारलं!"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गाणं बंद केलं. विक्रमनं काकाकडे पाहिलं. "काका?"

"म्या फक्त ढकललं त्याले," सुमंत रडत म्हणाला. "गोदामात नायलॉनचे खोके पाहिले त्यानं. हातानं धागा ओढून ओढून बाहेर फेकून राहिला होता. म्हणे, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जातो. म्या ढकललं... मंग भीतीनं तुह्या स्कूटरवर निघून गेलो. पुन्हा परत आलो, तं तो थंड पडला होता."

त्या दिवशी विक्रम कारखान्याच्या बसनं गेला होता. स्कूटर काकानं नेली होती. इतकं साधं होतं ते.

"ऐकलं ना आता?" भैरवी ओरडली. तिचे डोळे वाहत होते. "आता तरी काढ हात!"

विक्रमचा चेहरा पांढरा पडला होता. पण हात त्यानं तसूभरही हलवला नाही.

"आता तं बिलकुल नाही काढत. याच्यासाठी नाही ठेवला हात, भैरवी. तुह्यासाठी ठेवला. तुह्या हातानं हे होऊ देत नाही मी. ढील दे."

मित्रांनो, मी तिच्या मुठीकडे पाहत होते. मग एक एक बोट उघडलं. आणि मी फिरले! जन्मात फिरले नव्हते अशी फिरले. सगळा धागा सैल झाला. विक्रमनं वेढा काढला, रंगीत धागे कापायचं पातं खिशातून काढलं आणि पतंगीच्या मुळाशी नायलॉन कापून टाकला.

धागा तुटला की पतंग डोलत डोलत खाली जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही मात्र वर चढली! सुमंत जिना उतरून रस्त्यावर पळाला होता, आणि धागा नसलेली ती काळी पतंग त्याच्या डोक्यावरून निघाली. भैरवी मला काखोटीला मारून खाली धावली. विक्रम हाताला रुमाल गुंडाळत समोरून आला. स्कूटर तिनं सुरू केली, तो मागे बसला आणि आम्ही निघालो.

काय ती दौड! सुमंत एका मिठाईच्या दुकानात शिरला, तर पतंग पाटीला टेकून उभी. तो मागच्या दारानं निघाला, तर ती आधीच तिथं. पतंगी पकडायच्या लांब काठ्या, लग्या, घेतलेली पोरं तिला धरायला धावली, पण ती कुणाच्या हाती लागेना. सुमंत ऑटोत बसला. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं, मग बाहेर डोकं काढून वर पाहिलं आणि करकचून ब्रेक मारला. "भाऊ, उतरा तुम्ही. तुमच्या मागं पतंग लागून राहिली. मले लफड्यात नका पाडू!" बडकस चौक ओलांडून सुमंत धापा टाकत पळत राहिला. शेवटी समोर पोलीस ठाणं दिसलं तसा तो आपल्याच पायांनी आत घुसला. "मले आत घ्या! मले कोंडा! म्या सांगतो सगळं!"

पतंग ठाण्याच्या अंगणातल्या कडुनिंबावर अलगद उतरली आणि तिथंच फाटली. सुमंतनं सगळं कबूल केलं. वाडीच्या गोदामातून नायलॉन मांज्याचे ढीग निघाले. आता तो तुरुंगात आहे आणि खटला चालू आहे.

तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट संपली. नाही संपली.

दवाखान्यात विक्रमच्या बोटांना टाके पडले. मी भैरवीच्या मांडीवर होते. मग त्यानं हळूच विचारलं, "तो नायलॉन कोणासाठी होता, भैरवी? काकानं मारलं हे तं तुले माहीतच नव्हतं."

ती खोटं बोलली नाही. "तुह्यासाठी. मले वाटलं तू होता."

"मले एकदा विचारलं काहून नाही?"

विक्रम उठला, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारापर्यंत गेला आणि मागं न पाहता निघून गेला. काकाचं घर त्यानं सोडलं. बुटीबोरीला खोली घेतली. समोरच्या गच्चीवर आता नुसता वाळत घातलेला धागा होता, उन्हानं फिका पडत चाललेला.

भैरवीनं मला रुपरावजींकडे नेलं. त्यांनी नायलॉन उतरवून जाळला, माझ्या खाचेत तेल भरलं. "लाकूड वाचलं," ते म्हणाले. "बाकीचं मले नाही सांगता येत." मग भैरवीनं मला माळ्यावर ठेवलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. माझ्या अंगावर धूळ बसली, एका दांड्यात कोळ्यानं घर केलं. खालून मला फक्त आवाज ऐकू यायचे. भैरवी लवकर ड्युटीवर जायची, उशिरा यायची, कमी बोलायची.

दिवाळीनंतर एकदा ती माळ्यावर चढली. तिनं मला पुसलं, हातात धरलं आणि ओठ माझ्या लाकडाजवळ आणले. मला वाटलं, आता ती विक्रमचं नाव घेणार. मी श्वास रोखून तयार राहिले. जादू माझ्यात उरली आहे की नाही ते मलाही माहीत नव्हतं, पण मी प्राण पणाला लावणार होते.

तिनं नाव घेतलं नाही. मला खाली ठेवलं, पायांत चपला घातल्या आणि म्हणाली, "आई, मी बुटीबोरीले जाऊन येतो."

"काहून वं?" ताराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"एक गोष्ट विचाराची आहे. समोर बसून."

म्हणून तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही. नंतर ताराबाईंना सांगताना तिच्या तोंडून ऐकलं तेवढंच. विक्रमनं दार उघडलं. ती म्हणाली, "तू मले माफ करशील का? नाही म्हणशील तं मी समजून घेईन. पण या वेळी तुले विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नाही." त्यानं तिला आत बोलावलं नाही. दारातच उभा राहून तो खूप रागावला, खूप बोलला, इतक्या महिन्यांचं सगळं बोलला. तिनं ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ऊन लागून राहिलं तुले. आत ये, पाणी पी."

त्याला अजून पुष्कळ दिवस लागले. पण तो आला. त्याच्या दोन बोटांवर आता पांढऱ्या रेघा आहेत, त्यांना निळा रंग धरत नाही. माझ्या पोटावर नवा सुती धागा आहे, त्यानंच रंगवलेला. माझ्यात जादू उरली आहे का? खरं सांगते, मला ठाऊक नाही. त्यानंतर मला कुणी नाव सांगितलेलंच नाही.

मित्रांनो, तुम्ही पतंग उडवा, जरूर उडवा! पण नायलॉनचा धागा हाती धरू नका. तो कुणाच्या पंखाला, कुणाच्या गळ्याला लागेल ते उडवणाऱ्याला कधीच दिसत नाही. सण झाल्यावर झाडांवरचे, तारांखालचे धागे गोळा करा. जुनी चक्री असेल तर तिला तेल लावा, ओलीत टाकू नका. आणि आपल्या माणसाबद्दल मनात गाठ बसली, तर त्याच्याकडे चालत जा आणि विचारा. माझ्यासारख्या कितीही चक्र्या मिळाल्या, तरी तेवढं काम त्या तुमच्यासाठी करू शकणार नाहीत.

बरं, आता मला थांबता येणार नाही. जिन्यावर दोघांची पावलं वाजताहेत. विक्रम म्हणतो आहे, "आज चक्री मी धरतो," आणि भैरवी म्हणते आहे, "धर, पण झोपू नको." वारा भरून आला आहे. माझ्या दांड्याला हात लागला. सरका, मित्रांनो, जागा द्या, मला फिरायचं आहे!